सहा कापलेले, एक शाबूत

ठाणे, मंगळवार, ९ जानेवारी १८९४

त्र्यंबकाचा उजवा हात आणि वाचा रविवारी पहाटे गेली, म्हणून ही वही आजपासून मी लिहिणार आहे. वही त्याची आहे. पहिली एकसष्ट पाने त्याने इंग्रजीत भरली आहेत. मला इंग्रजी अडखळत वाचता येते, लिहिता येत नाही, तेव्हा माझी पाने मराठीत होतील.

मला रोजनिशीची हौस नाही. पुण्यास ट्रेनिंग कॉलेजात असताना ती लिहावी लागे. त्याला वीस वर्षे झाली. तेथून सुटल्यावर मी हजेरीपटाखेरीज रोजचे असे काही लिहिलेले नाही. त्र्यंबकाचा नियम बरा आहे: बदल दिसेल त्या दिवशी लिहायचे, न दिसेल त्या दिवशी बनवून लिहायचे नाही.

हकिकत अशी. त्र्यंबक माझा धाकटा भाऊ. दार्जिलिंगकडे एका चहाच्या मळ्यावरील दवाखान्यात तो चौदा वर्षे हॉस्पिटल असिस्टंट होता. बायको तिकडेच वारली, मूल नाही. गेल्या ऑक्टोबरात नोकरी सोडून तो माझ्याकडे आला, तो पत्र्याच्या पेटीत ओल्या शेवाळात गुंडाळलेले सात प्राणी घेऊन. त्यांना तो पाणसरडे म्हणतो. हे नाव चूक आहे. सरड्याला खवले असतात, यांची कातडी बेडकाची आहे. पण आपल्याकडे हा प्राणीच नाही, मग शब्द कोठून असणार. लांबी वीतभर, रंग काळपट तपकिरी, दोन्ही कुशींना गाठींची ओळ. कोणता कोण हे ओळखण्यासाठी त्याने प्रत्येकाच्या गाठींचे चित्र काढून क्रमांक दिले आहेत.

यांचा पाय कापला तर पुन्हा उगवतो, बोटांसकट. विलायतेतल्या त्यांच्या जातभाईंविषयी हे शंभर वर्षांपूर्वीच कळले आहे. हिमालयातल्या या जातीविषयी कोणी लिहिलेले नाही. त्र्यंबकाने सहांचा पुढचा उजवा पाय कोपरापाशी दोनदा कापला, दोन्ही वेळा चारही बोटांनिशी उगवला. मुंबईच्या एका विद्वानांच्या सभेला त्याने हे कळवले. उत्तर आले की दवाखान्यातल्या माणसाचे साक्षीदाराविना केलेले निरीक्षण छापता येत नाही; तिसऱ्यांदा उगवलेला पाय जिवंत प्राण्यांवर दाखवा. मार्चच्या आरंभी सभेचा माणूस ठाण्यास येईल. दाखवता आले तर निबंध त्र्यंबकाच्या नावाने सभेत वाचला जाईल. तिसरी कापणी त्याने येथे, २ नोव्हेंबरला केली.

सातवा त्याने कापलेला नाही. तुलनेसाठी ठेवला आहे.

नवे प्राणी मागवता येणार नाहीत. हे ज्या तळ्यातले, ते गेल्या वर्षी चहाची रोपे लावण्यासाठी बुजवले. त्र्यंबकाच्या पहिल्या पानांत त्या तळ्यात ‘शेकड्यांनी’ असे लिहिले आहे. शेवटच्या पानांत ‘सात’.

बुधवार, १० जानेवारी

सातही जिवंत. नवे पाय तांदळाच्या दोन दाण्यांएवढे, टोकाला दोन बोटांची खूण. क्र. ३ सर्वांत पुढे आहे.

गांडुळे रखमाबाई खणून आणते. ती कोलशेतची, भांडी-धुणे करते. आज पडवीत प्राण्यांच्या मातीच्या कुंडीवर वाकून म्हणाली, "मास्तरीनबाय, हा मासा नाय, पाल नाय नि बेडूक पन नाय. देव जेवायला उठला असंल, यांना अर्धंच टाकून."

"देवाने टाकलेले हे स्वतःच पुरे करतात," मी म्हटले.

"मंग आमचे घरवाल्याला पन यातलं पानी पाजा थोडं."

तिच्या नवऱ्याची दोन बोटे मिठागराच्या रहाटात गेली आहेत. ती हसत होती. मी हसले नाही, तेव्हा ती कामाला लागली.

शनिवार, १३ जानेवारी

या कुंड्या मला पहिल्या दिवसापासून मान्य नव्हत्या. कल्याणच्या कुंभाराकडून त्र्यंबकाने आणल्या, प्रत्येकाला एक. त्या बाहेरून पाझरतात, पडवी सदा ओली. आत हिरवे शेवाळ बोटभर, आणि ते घासू द्यायचे नाही. घरात तळ्याकाठचा वास.

आज क्र. २ ची कुंडी तडकली. मी शाळेतून आले तेव्हा तो जात्याखाली धूळ माखून पडलेला होता. धुतला, जिवंत आहे.

आता हे पुरे. माळ्यावरून आईचे तांब्याचे घंगाळ काढले. रखमाबाईकडून चिंच आणि राख लावून तोंड दिसेपर्यंत घासून घेतले. मध्ये दगड ठेवला आणि सहाही कापलेले त्यात सोडले. पाणीही आता विहिरीवरून थेट नाही. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवून निवळलेले घालायचे. आपण पिण्याचे पाणी तसेच ठेवतो. दुखणेकऱ्याला त्याहून कमी का.

सातव्याला घंगाळात जागा नाही. तो शाबूत आहे, त्याला कुंडी चालेल. चांगले भांडे आधी जखमीला, एवढे कळायला डॉक्टरी शिकावी लागत नाही.

त्र्यंबकाच्या खाटेवरून माजघराच्या दारातून घंगाळ दिसते. त्याला दाखवण्यासाठी मी ते जरा पुढे ओढून ठेवले.

बुधवार, १७ जानेवारी

त्र्यंबक बोलला. सकाळी पेज भरवताना ‘मा’ म्हणाला. मी चमचा खाली ठेवला आणि पुन्हा म्हणायला सांगितले. पुष्कळ वेळ ओठ हलले, मग शब्द पुरा आला. "माती."

पडवीच्या दाराकडे पाहत म्हणाला. पुन्हा म्हणाला, "माती."

दहा दिवसांनी तोंडातून एक शब्द निघावा, आणि तो मरणाचा. मी त्याला स्पष्ट सांगितले, "त्र्यंबक, तुझी माती होत नाही. डॉक्टर म्हणाले आहेत, वाचा परत येईल. असे बोलायचे नाही."

त्याने डोके हलवले. डोळ्यांतून पाणी आले. मी पुसले आणि उरलेली पेज भरवली. रडणाऱ्याबरोबर रडत बसले की तो अधिक रडतो, हे मी शाळेत पाहिले आहे.

शनिवार, २० जानेवारी

क्र. ५ ने तीन दिवस काही खाल्लेले नाही. सहाही जण दगडावर एकमेकांवर चढून बसतात, पाण्यात उतरत नाहीत. अंगाची कात पांढऱ्या दोऱ्यांसारखी सुटते आहे. त्र्यंबकाच्या पानांत कात टाकल्याच्या नोंदी आहेत, पण एकाच आठवड्यात सहांनी नाही.

घंगाळाच्या काठाला पाण्याच्या रेघेवर हिरवट कड आली होती. पुन्हा चिंच लावून काढली. पाणी आता दिवसातून दोनदा बदलते.

रखमाबाई म्हणाली, "त्यांना पानी नको झालंय."

"पाण्यातल्या प्राण्याला पाणी नको होते का?"

"मी आपलं दिसलं ते बोलले."

जागा नवी आहे. सवय होईल.

मंगळवार, २३ जानेवारी

क्र. ५ मेला. बोटे दोनच झाली होती. त्र्यंबकाच्या बाटल्यांपैकी एकीत स्पिरिटमध्ये ठेवला, चिठ्ठी लावली.

त्याच्यापासून लपवणे मला पटत नाही, म्हणून बाटली नेऊन दाखवली. त्याने बाटलीकडे नीट पाहिलेही नाही. डावा हात पडवीकडे करून म्हणत राहिला, "माती. माती. माती."

"होय," मी म्हटले, "एकाची झाली. पाच आहेत."

तेव्हा त्याने डावी मूठ खाटेच्या कडेवर आपटली. अजून जोर आहे. हे चांगले लक्षण असावे.

रविवार, २८ जानेवारी

काल क्र. २, आज क्र. ६. दोघांनाही आधी कात, मग खाणे बंद, मग दगडावर तोंड वर करून बसणे, मग संपले. क्र. ३ ला मात्र तिसऱ्या बोटाची खूण दिसते.

उकाडा वाढेल म्हणून मी मार्चला भीत होते. अजून सकाळी शाल लागते आणि तीन गेले.

सातव्याने आज दोन गांडुळे खाल्ली. त्याच्या कुंडीला हात लावायला मला सवड नाही, ती जशी होती तशीच घाण आहे. तरी तो धष्टपुष्ट.

बुधवार, ३१ जानेवारी

आज शाळेत मुलींना गणित घालून मी स्वतः हेच गणित मांडले.

सात प्राणी एका तळ्यातले. एकाच पेटीतून आले. अन्न एक, विहीर एक, घर एक, सांभाळणारी एक. सहा मरत आहेत, सातवा धडधाकट. सहांत आणि सातव्यात फरक काय? सहांना सुरी लागली, तीनदा. सातव्याला लागली नाही.

तुलनेसाठी ठेवला तो याचसाठी. तुलना झाली.

पाय उगवतो, हे खरे असेल. पण तिसऱ्यांदा तो उगवताना प्राणी आतून संपतो, असे दिसते. त्र्यंबकाने हे लिहिलेले नाही. त्याला दिसले नाही की पाहायचे नव्हते, हे मला ठरवता येत नाही. जखमींना मी चांगले भांडे दिले, चांगले पाणी दिले, तरीही ते मरतात. म्हणजे दोष माझ्या हातांत नाही.

हे वाक्य मी दोनदा खोडले आणि पुन्हा लिहिले.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

त्र्यंबकाला सांगितले. तो पाठीशी उशी घेऊन बसला होता, दाढी मीच केली होती, चेहरा बरा दिसत होता.

मी म्हटले, "तुझे प्राणी कापण्याने मरत आहेत. सातवा जिवंत आहे कारण तो कापलेला नाही. तू मला खोटे लिहायला सांगणार नाहीस, म्हणून मी हे सभेला कळवणार."

त्याने माझा पदर डाव्या हाताने धरला. "माती."

"त्र्यंबक, चौदा वर्षांची माती झाली, हे मला कळते."

"नाही," असे त्याला म्हणायचे असावे. ‘ना’ एवढेच आले. मग माझा पदर पडवीच्या दिशेने ओढला, दोनदा, तीनदा, शिवण उसवेपर्यंत. "माती. माती."

मी पदर सोडवून घेतला. तू हट्ट करू नकोस, म्हटले. हे मी त्याला तो सहा वर्षांचा असताना म्हणत असे, त्याच आवाजात म्हटले गेले.

रविवार, ४ फेब्रुवारी

अण्णा कल्याणहून आला. आमचा चुलतभाऊ, तेथे वकिलाकडे कारकून आहे, इंग्रजी पत्र चांगले लिहितो. आल्याबरोबर घंगाळात डोकावून म्हणाला, "अगं उत्तरे, लोक बंगालकडून शाली आणतात. आमच्या त्र्यंबकाने पाली आणल्या. आणि तू त्यांना काकूच्या घंगाळात बसवलेस. काकू असती तर तिघांनाही बाहेर काढले असते."

मी मजकूर सांगितला. तो दोन ओळी लिहून थांबला.

"हे सख्ख्या भावाविरुद्ध आहे."

"हे जे दिसले ते आहे."

"दिसले ते सगळेच लिहायला हवे काय? चार ओळी कमी लिही. प्राणी आजाराने गेले, म्हण. कोण विचारतो?"

"शाळा तपासायला साहेब येतो तेव्हा मी गैरहजर मुलींची हजेरी लावत नाही, अण्णा. लिही."

त्याने लिहिले. वाचूनही दाखवले. त्यात असे आहे की शस्त्र लागलेले प्राणी मरतात, न लागलेला जगतो, म्हणून हॉस्पिटल असिस्टंट त्र्यंबक यांचा दावा, पाय कोणतीही हानी न होता पुन्हा पुन्हा उगवतो, हा टिकत नाही. खाली मी मराठीत सही केली.

जाताना अण्णा त्र्यंबकापाशी बसला. त्र्यंबक त्यालाही तेच म्हणाला. अण्णा बाहेर येऊन जोडे घालताना म्हणाला, "माती माती करतोय बिचारा. गंगेची वगैरे हवी असेल काय? आमच्याकडे काशीहून आणलेली आहे चिमूटभर, पाठवून देतो."

मी म्हटले पाठव.

शनिवार, १० फेब्रुवारी

क्र. १ आणि क्र. ४ गेले. क्र. ३ एकटा आहे. तीन बोटे स्पष्ट, चौथ्याच्या जागी टिंब.

अण्णाची गंगेची माती आली. तुळशीपाशी पाण्यात कालवून त्र्यंबकाच्या कपाळाला लावली. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की मला लिहिता येत नाही. त्यानंतर दिवसभर तो शब्द त्याने उच्चारला नाही. समाधान झाले असावे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

क्र. ३ सकाळी मेला. भिंग घेऊन पाहिले. चौथे बोट निघाले होते, बाकीच्यांच्या निम्मे. आणखी पंधरा दिवस मिळते तर पुरे झाले असते. साडेतीन बोटे म्हणजे चार नव्हेत, हे मला मुंबईहून कोणी सांगायला नको.

त्र्यंबकाला बाटली दाखवली. या खेपेस त्याने ती हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. पाय बराच वेळ पाहिला. मग बाटली माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे वळला.

जेवला नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

घंगाळ रिकामे पडले आहे. सातवा आता एकच राहिला, त्याची हेळसांड पुरे. घंगाळ चिंचेने घासून घेतले, ताजे पाणी भरले आणि त्याला त्यात सोडला. कुंडी पडवीखाली टाकून दिली.

हे चालू असताना त्र्यंबक माजघरातून ओरडला. शब्द नव्हता, नुसता आवाज. मी धावले. तो खाटेवरून अर्धा खाली आला होता, डावा हात जमिनीवर टेकलेला, सरपटत पडवीकडे येण्याच्या बेतात. मी आणि रखमाबाईने उचलून ठेवला. "माती," असे तो पुन्हा म्हणू लागला, माझ्याकडे पाहून नाही, रखमाबाईकडे पाहून.

ती म्हणाली, "दादा काय सांगतान, बाय."

"सव्वा महिना अंथरुणावर काढला की माणूस मरणाचेच बोलतो."

"तसं नाय वाटत."

"तुला काय वाटते ते मला विचारायचे नाही. पाय धर, नीट ठेव."

सोमवार, १९ फेब्रुवारी

त्र्यंबक शनिवारी दुपारी गेला. झटका दुसऱ्यांदा आला, तासाभरात संपले. वय एकेचाळीस. अण्णाने अग्नी दिला.

शेवटी काही बोलला नाही.

मंगळवार, २० फेब्रुवारी

घर माणसांनी भरलेले आहे. शनिवारी स्मशानातून आलेल्या मंडळींच्या आंघोळीला पाणी तापवायचे होते म्हणून रखमाबाईने घंगाळ मला न विचारता रिकामे केले, हे आज समजले. सातव्याला तिने पडवीखालची त्याची जुनी कुंडी उचलून तिच्यात टाकला, वर विहिरीचे पाणी ओतले. मी रागावले. ती म्हणाली, "मंग काय करू, मानसं पारोशी बसवू? दोन दिस झाले, तो दगडावर चढून बसलावता, त्या सहांसारका. अंगाची सालं निघाली व्हती. मी म्हटलं, मरायचा तर घरच्या भांड्यात मरू दे."

घंगाळ न्हाणीघरात आहे. सध्या तेथेच राहू दे.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

सातव्याने काल एक गांडूळ खाल्ले. आज तीन. कात सुटायची थांबली आहे. पाण्यात तळाशी बसतो, वर चढत नाही.

मी हे पुन्हा वाचले.

तो कधी कापलेला नव्हता. घंगाळात तीन दिवस होता, तीन दिवसांत त्या सहांचीच लक्षणे झाली. शेवाळाच्या, न घासलेल्या कुंडीत परत गेला, सहा दिवसांत बरा झाला. सहांत आणि सातव्यात सुरीचा फरक होता, हे खरे. दुसराही फरक होता, आणि तो मी केला होता. गणित मांडताना अन्न लिहिले, विहीर लिहिली, घर लिहिले, सांभाळणारीही लिहिली. भांडे लिहिले नाही.

रखमाबाईला बोलावून विचारले, तांब्याने काही होते का. ती म्हणाली, "आमचे कोलशेतला मीठ तांब्यात भरीत नाय. कलकतं."

"मीठ वेगळे. ताक, चिंच, कोशिंबीर वेगळी. पाणी कळकत नाही. आपण तांब्याचेच पाणी पितो."

"पानी नाय कलकत, बाय. ते कलकले."

कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवू नये, हा धडा मी तिसरीच्या मुलींना दरवर्षी देते. या वर्षी जानेवारीतच दिला.

शनिवार, २४ फेब्रुवारी

वही माझ्या पहिल्या पानापासून वाचली. त्र्यंबकाने तो शब्द जेथे जेथे उच्चारला तेथे खाली रेघ मारली. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तो कोठे पाहत होता किंवा हात कोठे करत होता, तेही मीच लिहिले आहे. पडवीकडे. पडवीकडे. पडवीच्या दिशेने.

त्याला वाचा नव्हती. सारी भाषा गेली आणि एक शब्द राहिला, तो त्याने प्रत्येक वेळी योग्य वापरला. मी वीस वर्षे मुलींना शब्दार्थ शिकवते आहे.

आज एवढेच.

रविवार, २५ फेब्रुवारी

कल्याणास गेले. सुतकात जाऊ नये म्हणतात, गेले. अण्णाला दुसरे पत्र लिहायला लावले: प्राणी शस्त्राने नव्हे, माझ्या भांड्याने मेले, पहिले पत्र रद्द समजावे, दोष निरीक्षणाचा नसून खाली सही करणाऱ्या बाईचा आहे.

अण्णाने लिहिले. मग टाक ठेवून म्हणाला, "पहिल्याने मी तुला थांबवत होतो तेव्हा ऐकायचे होतेस."

"तू मला खोटे लिहायला सांगत होतास."

"आणि तू खरे लिहिलेस ते हे."

त्याची बायको चहा घेऊन आली, तो न घेता परतले.

रविवार, ४ मार्च

सभेचे उत्तर काल आले, अण्णाने आज येऊन वाचून दाखवले. माझे पहिले पत्र फेब्रुवारीच्या बैठकीत वाचले गेले. सभासदांनी बाईंच्या सरळपणाची तारीफ केली, आणि निबंध सभेत न वाचण्याचे ठरले. दुसरे पत्र भावाच्या निधनाच्या दुःखात लिहिलेले दिसते, सभेला बाईंविषयी सहानुभूती आहे. जिवंत राहिलेला प्राणी मात्र संग्रहासाठी हवा आहे. गुरुवारी माणूस येईल.

त्र्यंबकाची एकसष्ट पाने त्यांनी पाहिलेलीही नाहीत.

गुरुवार, ८ मार्च

सभेचे कारकून दौलतराव दुपारच्या गाडीने आले. माणूस सभ्य आहे, दमलेला होता. ताक दिले. येताना त्यांनी प्राणी न्यायला नवीकोरी तांब्याची कासंडी आणली होती, झाकणाला भोके पाडलेली.

मी म्हटले, "ही नेता येणार नाही."

"बाई, साहेबांनी मुद्दाम बाजारातून घेववली. आणि हे मडकं घेऊन मी मुंबईस जाऊ? डब्यातले लोक म्हणतील, अस्थी घेऊन चाललाय."

"म्हणू द्या."

पावतीवर त्यांनी ‘सरडा, नग एक’ असे लिहिले. मी खोडून घेतले. मरणाच्या कारणासाठी त्यांच्या कागदात रकाना नाही, म्हणाले. मग मी म्हटले, रकाना माझ्या वहीत आहे, वही घेऊन जा. ते म्हणाले, "मराठी पाने आहेत, आमच्याकडे कोण वाचणार?" मी म्हटले, तुम्हांला वाचता येते. त्यांनी वही चाळली, मधल्या एका पानावर थांबले, मग ती रुमालात बांधून न्यायला कबूल झाले. हे पान लिहून होईपर्यंत ओसरीवर बसले आहेत.

सुपूर्द केले ते असे:

पाणसरडा, क्र. ७, जिवंत. चारही पाय शाबूत. कधीही कापलेला नाही. याच्यावरून माझ्या भावाचे म्हणणे खरे किंवा खोटे काहीच ठरत नाही.

पाणसरडे, मेलेले, स्पिरिटमध्ये, बाटल्या सहा. क्र. १, २, ३, ४, ५, ६. पुढचा उजवा पाय तिसऱ्यांदा उगवत असलेला. क्र. ३ ची बोटे तीन आणि अर्धे. मरणाचे कारण: तांब्याचे भांडे. भांडे बदलणारी: खाली सही केलेली.

वही एक. पाने त्र्यंबकाची एकसष्ट, माझी तेवीस. एकही फाडलेले नाही.

मातीची कुंडी एक, कल्याणच्या कुंभाराची. बाहेरून पाझरते, आत शेवाळ आहे. घासू नये.

उत्तरा